परवानगी बदलली, पण मेल आलाच नाही: एसक्यूएल सर्व्हरवर अलर्ट लावताना या चुका टाळा

डेटाबेसमध्ये कुणाला कुठली परवानगी मिळाली, कुणाची काढली, हे लगेच मेलवर कळावं अशी मागणी बहुतेक वेळा ऑडिटरकडून येते. मग टीममधलं कुणीतरी अर्ध्या दिवसात एक ट्रिगर (ठरावीक घटना घडली की आपोआप चालणारा कोड) लिहितं, त्यात मेल पाठवायची ओळ टाकतं, स्वतःच्या इनबॉक्सात चाचणीचा मेल आला की तिकीट बंद करतं. पुढे चार-सहा महिने काहीच येत नाही आणि सगळे खूश असतात. अडचण अशी की अलर्ट बिघडला, तर बिघडल्याचा मेल येत नाही. काही बदललंच नाही आणि मेल वाटेत अडकला, या दोन्ही गोष्टी इनबॉक्समध्ये सारख्याच दिसतात.

मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर धरून लिहितो आहे, कारण आपल्याकडच्या बँका, पतसंस्था, साखर कारखाने आणि ईआरपीवाल्यांकडे तो भरपूर आहे, आणि त्यात मेल पाठवायची सोय २००५ च्या आवृत्तीपासून डेटाबेस मेल या नावाने आतच दिलेली आहे. सोय हाताशी असते म्हणूनच पहिली चूक होते.

ट्रिगरमधूनच मेल पाठवणं

डीडीएल ट्रिगर, म्हणजे डेटाबेसची रचना किंवा परवानग्या बदलणाऱ्या कमांडवरचा ट्रिगर, हा ग्रँट (परवानगी देणं), डिनाय (नाकारणं), रिव्होक (काढून घेणं) किंवा रोलमध्ये (परवानग्यांच्या गटात) सदस्य टाकणं अशा कमांडनंतर चालतो, पण त्याच ट्रान्झॅक्शनच्या (सगळं होतं किंवा काहीच होत नाही अशा एकसंध कामाच्या) पोटात चालतो. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच होतो.

समजा ट्रिगरमध्ये तुम्ही मेल पाठवणारी एसपी_सेंड_डीबीमेल ही कमांड लिहिली. तुम्ही सिसअ‍ॅडमिन (म्हणजे सर्व्हरवरचे सगळे अधिकार असलेले) आहात, त्यामुळे तुमच्या हातून ते छान चालतं. मग एखाद्या डेटाबेसची डीबी_ओनर (त्या डेटाबेसपुरते सगळे अधिकार) असलेली सहकारी आपल्या रिपोर्टिंगच्या युजरला एका टेबलवर सिलेक्ट (वाचायची परवानगी) द्यायला जाते. तिला एमएसडीबी या सर्व्हरच्या अंतर्गत कामाच्या डेटाबेसमध्ये मेल पाठवायचा अधिकार नाही. तिच्या स्क्रीनवर २२९ क्रमांकाचा एरर येतो: एसपी_सेंड_डीबीमेलवर एक्झिक्यूट परवानगी नाही. ती गोंधळते, कारण तिने मेलचं नावही काढलेलं नाही. आणि तिचं ग्रँट? तेही परत फिरलं. बेल बिघडली म्हणून दारच उघडू नये, असा हा प्रकार आहे.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे ट्राय-कॅच, एरर पकडून सांभाळणारा कोड. तो पुरत नाही. ट्रिगरच्या आत एक्सॅक्ट_अबॉर्ट हे सेटिंग आपोआप चालू असतं, त्यामुळे असा एरर आला की ट्रान्झॅक्शन कमिट (पक्कं) न होण्याजोगं होतं. कॅचमध्ये तुम्ही एरर गिळला तरी शेवटी ३६१६ क्रमांकाचा निरोप येतो आणि सगळं रोलबॅक होतं, म्हणजे परत फिरतं.

दुसरा सुचणारा उपाय पहिल्यापेक्षा वाईट: एमएसडीबीमधलं एसपी_सेंड_डीबीमेल चालवायची परवानगी पब्लिकला, म्हणजे सरसकट सगळ्यांना, देऊन टाकायची. म्हणजे सर्व्हरवर लॉगिन असलेला कुणीही तुमच्या अधिकृत पत्त्यावरून बाहेर मेल पाठवू शकतो, आणि त्याला दिसणाऱ्या डेटाची क्वेरी चालवून तिचा निकाल जोडूही शकतो. परवानग्यांवर नजर ठेवण्यासाठी डेटा बाहेर न्यायची वाट उघडून द्यायची, याला काय म्हणावं!

तिसरा उपाय सगळ्यांत घातक, कारण तो चालतो. डेटाबेस पातळीवरच्या ट्रिगरला एक्झिक्यूट अ‍ॅज (दुसऱ्याच्या नावाने चालवणं) लावायचं, आणि ते एमएसडीबीपर्यंत पोचत नाही म्हणून त्या डेटाबेसचं ट्रस्टवर्दी (या डेटाबेसमधल्या कोडवर बाहेरही विश्वास ठेवा, असं सांगणारं सेटिंग) चालू करायचं. डेटाबेसचा मालक एसए, म्हणजे सर्व्हरचं मुख्य लॉगिन, असेल (आणि बहुतेक ठिकाणी तोच असतो), तर आता त्या डेटाबेसमधला कुठलाही डीबी_ओनर दोन-चार ओळींचं प्रोसीजर लिहून सिसअ‍ॅडमिन होऊ शकतो. ट्रस्टवर्दी चालू करा असा सल्ला कुठे वाचलात, तर तिथेच वाचणं थांबवा.

ट्रिगरच ठेवायचा असेल तर तो सर्व्हर पातळीवर, म्हणजे ऑन ऑल सर्व्हर ठेवा. असा ट्रिगर डेटाबेसच्या आतल्या घटनाही पकडतो, आणि त्याला एका खास, मोजकेच अधिकार असलेल्या लॉगिनच्या नावाने एक्झिक्यूट अ‍ॅज लावता येतं, ट्रस्टवर्दीशिवाय. मात्र मग ट्रिगरच्या आत सुसर_स्नेम (लॉगिनचं नाव देणारं फंक्शन) विचारलंत तर उत्तर त्या खास लॉगिनचंच येतं. प्रत्येक मेलमध्ये बदल करणारा एकच माणूस दिसायला लागला तर कारण हे असतं. खरा माणूस ओरिजिनल_लॉगिन या फंक्शनमधून मिळतो.

आणि मेलमध्ये क्वेरीचा निकाल जोडायचा मोह टाळा. एसपी_सेंड_डीबीमेलला क्वेरी दिली की ती वेगळ्या सेशनमध्ये चालते. ट्रिगरने नुकतीच ज्या टेबलमध्ये नोंद केली तेच टेबल त्या क्वेरीत असेल, तर क्वेरी ट्रिगरच्या लॉकसाठी थांबते आणि ट्रिगर क्वेरीसाठी. सर्व्हरला यात डेडलॉक (दोघांनी एकमेकांना अडवून बसणं) दिसत नाही, त्यामुळे तो कुणाचाच बळी देत नाही. दोघं एकमेकांकडे बघत बसून राहतात.

एवढं करूनही दोन गोष्टी ट्रिगरच्या हाती लागतच नाहीत. बदल करून रोलबॅक केला तर रांगेतला मेलही रोलबॅक होतो. आणि परवानगी नसताना कुणी ग्रँट करून बघितलं, तर कमांडच फसते आणि ट्रिगर चालतच नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे फसलेले प्रयत्नच जास्त बोलके असतात. म्हणून माझं मत सरळ आहे: पकडायचं काम एसक्यूएल सर्व्हर ऑडिटला (घटनांची आपोआप नोंद ठेवणाऱ्या सोयीला) द्या, मेल पाठवायचं काम एजंटच्या (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेच्या) जॉबला द्या. ऑडिटमध्ये फसलेला प्रयत्नही येतो, त्याच्या ‘सक्सीडेड’ या कॉलममध्ये शून्य दिसतं. सर्व्हर पातळीवरचं ऑडिट २०१२ पासून सगळ्या आवृत्त्यांत आहे, डेटाबेस पातळीवरचं २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून. एक्सप्रेस आवृत्ती असेल तर मात्र एजंटच नाही. तिथे ऑडिटची फाइल विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून पॉवरशेलने वाचावी लागते.

मेल येतो, पण कोरा

हा ट्रिगरवाल्यांचा खास त्रास. इव्हेंटडेटा हे फंक्शन घटनेची माहिती एक्सएमएलमध्ये देतं, पण प्रत्येक घटनेचा साचा वेगळा असतो. ग्रँटच्या घटनेत ग्रँटीज (ज्यांना दिलं ते), परमिशन्स, ग्रँटर (देणारा) असे भाग असतात. रोलमध्ये सदस्य टाकल्याच्या घटनेत ते नसतात. तिथे रोलनेम असतं आणि ज्याला टाकलं त्याचं नाव ऑब्जेक्टनेममध्ये असतं. तुम्ही ग्रँटवर चाचणी करून मजकूर असा जोडला असेल: ‘ज्याला दिलं’ अधिक ग्रँटी अधिक ‘काय दिलं’ अधिक परमिशन. मग कुणीतरी डीबी_ओनर रोलमध्ये एकाला टाकतं. ग्रँटीच्या जागी नल (मूल्यच नाही) येतं, नलला काहीही जोडलं तरी उत्तर नल, आणि सबंध मजकूर पुसला जातो. सगळ्यांत महत्त्वाच्या बदलाचा मेल नेमका कोरा येतो. अधिकचं चिन्ह काढून कॉनकॅट फंक्शन वापरा, ते नलला रिकामं धरतं. सोबत कमांडटेक्स्ट हा भाग जसाच्या तसा मेलमध्ये टाका. साचा काहीही असला तरी माणसाने टाइप केलेली मूळ कमांड तिथे सापडते.

याच्याच शेजारची चूक: एकाच कमांडमध्ये तीन युजरना परवानगी दिली, तर ग्रँटीजच्या खाली तीन ग्रँटी असतात. इंटरनेटवरून उचललेल्या बहुतेक स्क्रिप्ट चौकटी कंसात १ लिहून पहिलाच उचलतात. उरलेले दोघं मेलमधून गायब.

आणि १९३४ क्रमांकाचा एरर दिसला तर एक्सएमएलला दोष देऊ नका. एक्सएमएलची मेथड वापरायला क्वोटेड_आयडेंटिफायर हे सेटिंग चालू लागतं. एसक्यूएलसीएमडी या कमांड-लाइनच्या साधनात ते डिफॉल्टने बंद असतं, एजंटच्या जॉब स्टेपमध्येही. मॅनेजमेंट स्टुडिओत चाललेली स्क्रिप्ट डिप्लॉयमेंटनंतर पडते ती यामुळेच. ट्रिगर तयार होताना जे सेटिंग होतं तेच त्याला चिकटतं, म्हणून नंतर नुसतं सेशनमध्ये बदलून उपयोग नाही. ते चालू करून ट्रिगर पुन्हा तयार करावा लागतो.

‘मेल क्यूड’ म्हणजे मेल गेला नव्हे

एसपी_सेंड_डीबीमेल चालवलं की ‘मेल क्यूड’ असा निरोप येतो आणि माणूस निश्चिंत होतो. तो निरोप एवढंच सांगतो की मेल एमएसडीबीतल्या रांगेत पडला. पाठवायचं काम डेटाबेसमेल नावाचा एक वेगळा प्रोग्राम करतो. पुढचं बघायला एमएसडीबीतले दोन व्ह्यू तोंडपाठ ठेवा: सिसमेल_ऑलआयटम्समध्ये प्रत्येक मेलची स्थिती, आणि सिसमेल_इव्हेंट_लॉगमध्ये फसण्याचं कारण. मेल आला नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला माझा पहिला प्रश्न हाच असतो की इव्हेंट लॉगमध्ये काय लिहिलंय, आणि दहातल्या बहुतेकांनी तो उघडलेला नसतो.

स्थिती ‘अनसेंट’वरच अडून बसली असेल तर रांग उपसली जात नाही. एमएसडीबीमध्ये सर्व्हिस ब्रोकर (ही रांग चालवणारी सोय) चालू आहे का बघा (रिस्टोअरनंतर तो बंद राहिलेला सापडतो), आणि सिसमेल_हेल्प_स्टेटस_एसपीने मेल थांबवलेला नाही ना तेही बघा. २०१६ ची मूळ आवृत्ती पॅच न करता चालू असेल, तर डॉटनेट ३.५ नसल्यामुळे तो प्रोग्रामच उठत नाही.

स्थिती ‘फेल्ड’ असेल तर मेल सर्व्हरशी भांडण आहे. इथे पोर्ट ४६५ टाकणारे फार. डेटाबेस मेलला आधी साधं कनेक्शन करून मग स्टार्टटीएलएसने सुरक्षित करता येतं, म्हणून ५८७ चालतं. ४६५ वर सुरुवातीपासून एन्क्रिप्शन अपेक्षित असतं, ते त्याला जमत नाही. क्लाउडवर पोर्ट २५ चा भरवसा धरू नका. अ‍ॅमेझॉन आणि गूगल ते बाहेर जाण्यासाठी मुळातच अडवून ठेवतात, अझूरमध्येही बहुतेक सबस्क्रिप्शनवर तेच. स्वतःच्या कार्यालयातल्या सर्व्हरवर अँटिव्हायरसचा ‘घाऊक मेल पाठवणारे वर्म रोखा’ हा नियम २५ नंबर अडवतो. फायरवॉलवाल्याशी दोन दिवस वाद घालण्याआधी ते तपासा. कुणी साधं जीमेल खातं पासवर्डसह जोडून ठेवलं असेल, तर ते मे २०२२ नंतर चालत नाही. टू-स्टेप चालू करून अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. पण परवानग्यांचे अलर्ट कुणाच्या खासगी जीमेलवरून जाणं हाच मुळात वेगळा विषय आहे.

स्थिती ‘सेंट’ आहे आणि तरी मेल नाही? मग मेल सर्व्हरने घेतला आणि पुढे कुठेतरी स्पॅममध्ये टाकला. मेल टीमला मेल सर्व्हरवरचा लॉग बघायला सांगा. इथून पुढे डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) म्हणून तुमच्या हातात फार काही नाही.

एका गोष्टीने बरेच फसतात: चाचणीचा मेल जातो, पण जॉब पडल्याचे मेल जात नाहीत. एजंटला मेल प्रोफाइल (मेल कुठल्या खात्यातून जायचा ते ठरवणारी नोंद) वेगळं दाखवावं लागतं, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये अलर्ट सिस्टिम या पानावर, आणि त्यानंतर एजंट रिस्टार्ट करावा लागतो. आणि १४६०७, म्हणजे प्रोफाइलचं नाव चुकीचं, हा एरर आला तर स्पेलिंग बघत बसू नका. प्रोफाइल खासगी आहे आणि त्या युजरला दिलेलं नाही, तेव्हाही एरर हाच येतो.

साडेपाच तासांचा सापळा

ऑडिटच्या फाइलमधली वेळ यूटीसीमध्ये (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) असते. जॉब दर पाच मिनिटांनी चालतो आणि ‘गेल्या पाच मिनिटांतल्या नोंदी’ मागतो, पण तुलना गेटडेट या फंक्शनशी करतो, जे आपल्या सर्व्हरवर भारतीय वेळ देतं. आत्ताच झालेल्या नोंदीची वेळ गेटडेटच्या हिशेबात साडेपाच तास जुनी. म्हणजे जॉबला एकही नोंद कधीच सापडणार नाही, जॉब मात्र हिरवा राहणार. लंडनच्या कुणी हिवाळ्यात लिहिलेली स्क्रिप्ट तिथे व्यवस्थित चालते आणि पुण्यात आणली की मुकी होते, ती अशी. तुलनेसाठी सिसयूटीसीडेटटाइम वापरा आणि मेलमध्ये दाखवताना ‘अ‍ॅट टाइम झोन’ने भारतीय वेळेत बदला, ही सोय २०१६ पासून आहे.

खरं तर ‘गेली पाच मिनिटं’ हा हिशेबच कच्चा आहे. एजंट तासभर बंद होता तर त्या तासातल्या नोंदी कायमच्या सुटल्या. शेवटची वाचलेली नोंद कुठली, तिची वेळ एका टेबलमध्ये लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू करा. सीमेवरची एखादी नोंद दोनदा आली तरी चालेल, सुटता कामा नये. ऑडिटच्या फाइल किती ठेवायच्या हा आकडाही ऐसपैस द्या, नाहीतर लांबच्या सुट्टीत जॉब बंद पडला तर वाचायच्या आधीच जुनी फाइल पुसली जाईल.

चुकीचा गट निवडणं

ऑडिटमध्ये काय पकडायचं ते गटांनी ठरतं. नाव वाचून बहुतेक जण डेटाबेस_परमिशन_चेंज_ग्रुप निवडतात आणि थांबतात. त्यात डेटाबेसवर दिलेल्या परवानग्या येतात. टेबल, व्ह्यू, प्रोसीजरवरच्या परवानग्या स्कीमा_ऑब्जेक्ट_परमिशन_चेंज_ग्रुपमध्ये, खुद्द स्कीमावरच्या (अशा वस्तूंच्या कप्प्यावरच्या) डेटाबेस_ऑब्जेक्ट_परमिशन_चेंज_ग्रुपमध्ये. रोलमध्ये सदस्य टाकणं-काढणं यासाठी डेटाबेस_रोल_मेंबर_चेंज_ग्रुप आणि सर्व्हर_रोल_मेंबर_चेंज_ग्रुप. प्रत्यक्षात माणसं ग्रँट कमी लिहितात, रोलमध्ये जास्त टाकतात, त्यामुळे हे दोन नसतील तर बाकीच्यांना फारसा अर्थ नाही. सर्व्हर_परमिशन_चेंज_ग्रुप आणि मालकी बदलण्याचा गटही घ्या. डेटाबेसचा मालक बदलला तर कुठल्याही ग्रँटशिवाय सगळं हाती येतं. ऑडिट_चेंज_ग्रुप विसरू नका, कारण हुशार माणूस आधी ऑडिट बंद करतो.

हे सगळं सर्व्हर ऑडिट स्पेसिफिकेशनमध्ये (काय पकडायचं त्या यादीत) एकदाच ठेवलं की नव्याने तयार होणाऱ्या डेटाबेसलाही लागू होतं. आणि ऑडिट व स्पेसिफिकेशन, दोन्ही तयार होतात तेव्हा बंद असतात. दोन्ही वेगवेगळी चालू करावी लागतात. हसू नका, ही चूक बरीच होते.

ज्या वाटांवर घंटाच नाही

विंडोजचा गट लॉगिन म्हणून दिलेला असेल, तर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोज खात्यांच्या मध्यवर्ती यादीत) त्या गटात नवा माणूस टाकल्यावर एसक्यूएल सर्व्हरमध्ये काहीच बदलत नाही. ट्रिगर नाही, ऑडिट नाही. तो बदल डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४७२८, ४७३२ किंवा ४७५६ या क्रमांकांनी येतो, गटाच्या प्रकाराप्रमाणे. तो लॉग तुमच्या ताब्यात नसेल तर रोज एकदा एक्सपी_लॉगिनइन्फोने गटातले सदस्य काढून कालच्या यादीशी ताडून बघा.

रिस्टोअरचंही तसंच. टेस्टचा बॅकअप प्रॉडक्शनवर चढवला की टेस्टवर दिलेल्या सढळ परवानग्या त्याच्याबरोबर येतात, एकही ग्रँट न चालता. डीडीएल ट्रिगर रिस्टोअरला चालत नाही. ऑडिटमध्ये बॅकअप_रिस्टोअर_ग्रुप घेतलात तर निदान रिस्टोअर झाल्याचं कळेल, मग परवानग्यांची यादी हाताने तपासा.

नेहमीचा अवेलेबिलिटी ग्रुप (एक सर्व्हर पडला की दुसऱ्याने काम उचलायची सोय) असेल तर डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर जातो, पण मेल प्रोफाइल, जॉब, सर्व्हर ट्रिगर आणि सर्व्हर ऑडिट मागेच राहतात. प्रत्येक नोडवर ते वेगळे उभे करा, आणि मेलच्या विषयात सर्व्हरचं नाव टाका.

मेल कुणाला

बदल करणाराच एकटा मेल वाचणारा असेल, तर अलर्टचा उपयोग त्याला आठवण करून देण्यापुरता. सामायिक मेलबॉक्स ठेवा, त्यात डीबीए टीमबाहेरचं एक तरी माणूस हवं. जॉबचा मालकही व्यक्ती नको: तो माणूस नोकरी सोडून गेला, लॉगिन काढलं, की जॉब पडायला लागतो.

रात्रीच्या डिप्लॉयमेंटमध्ये दोनशे ग्रँट चालत असतील तर दोनशे मेल पाठवू नका. जॉबच्या एका फेरीचा एकच मेल. ढिगाने येणाऱ्या अलर्टना लोक आठवड्याभरात आउटलूकमध्ये नियम लावून फोल्डरमध्ये ढकलतात. पण डिप्लॉयमेंटचं लॉगिन सरसकट गाळूनही टाकू नका, कारण त्याच लॉगिनचा पासवर्ड सगळ्यात जास्त लोकांना ठाऊक असतो. त्याचा स्वतंत्र, सकाळी एकदा येणारा गोषवारा ठेवा.

तपासणी

मॅनेजमेंट स्टुडिओतलं ‘सेंड टेस्ट ई-मेल’ फक्त मेलची वाट तपासतं. खरी तपासणी म्हणजे एक रिकामा युजर तयार करून, सिसअ‍ॅडमिन नसलेल्या लॉगिनने त्याला टेबलवर परवानगी देणं, मग रोलमध्ये टाकणं, मग काढणं, मग अधिकार नसलेल्या लॉगिनने हेच करून फसणं. चारही गोष्टी मेलमध्ये दिसल्या पाहिजेत. हे दर महिन्याला आणि प्रत्येक पॅचनंतर करा. शिवाय जॉबने रोज सकाळी ‘काल इतके बदल’ असा मेल पाठवावा, आकडा शून्य असला तरी. तो मेल ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी वाट तुटली हे कळेल. जॉब पडल्याचा मेल त्याच वाटेने येणार असल्यामुळे त्याच्यावर विसंबता येत नाही.

आधीच काहीतरी घडून गेलंय आणि ऑडिट नव्हतं, तर डिफॉल्ट ट्रेस (सर्व्हर आपणहून ठेवतो ती नोंद) बघा. तो २० एमबीच्या पाच फाइलमध्ये फिरतो आणि परवानग्यांचे, रोलचे बरेच बदल त्यात सापडतात. गजबजलेल्या सर्व्हरवर मात्र तो तासाभरातही पुसला जाऊ शकतो, म्हणून आधी त्या फाइल दुसरीकडे कॉपी करा आणि मग शोधत बसा.

नोंदी किती दिवस ठेवायच्या याला भारतात नियम आहे: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सिस्टिमचे लॉग १८० दिवस. हा हिशेब मेलबॉक्सवर ढकलू नका. एमएसडीबीतले पाठवलेले मेल आपोआप साफ होत नाहीत, ते वाढत जातात आणि एक दिवस कुणीतरी जागा करायला सिसमेल_डिलीट_मेलआयटम्स_एसपी चालवतं. ऑडिटच्या फाइल किंवा त्यांतून भरलेलं टेबल वेगळ्या डेटाबेसमध्ये, वेगळ्या बॅकअपसह असेल, तर ते खुशाल चालवू द्या.